हळदू की कळम

आमच्या शेताच्या पूर्वेकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठं झाड आहे. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्याच्या सावलीत डबा खाते. कापूस वेचणाऱ्या बायका तिथेच बसतात, पाण्याचा कॅनही तिथेच ठेवतो. ते कोणतं झाड आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सगळे त्याला देवाचं झाड म्हणायचे, मीही म्हणायचे. काम भागत होतं.

पुतणीची सोयरीक आली आणि काम भागेनासं झालं.

पुतणी म्हणजे माझ्या भासऱ्यांची, नवऱ्याच्या थोरल्या भावाची मुलगी. यवतमाळला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. मुलगा आर्णीकडचा, त्याच लॅबमध्ये. दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं आणि घरात हे फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांसमोर ते स्थळ मी आणलं असं झालं. भासरे माणूस म्हणून भले आहेत, पण मुलीनं स्वतः निवडलेला म्हटल्यावर त्यांना आधी त्यात खोट दिसली असती. मी आणलेला म्हटल्यावर त्यांनी फक्त शेती किती आणि विहिरीला पाणी किती दिवस राहतं एवढं विचारलं.

चैत्रात मुलाकडचे आले. आडनावं वेगळी, गाव लांब, मुलगा नीट बोलणारा. चहा झाला, पोहे झाले. उठता उठता मुलाच्या वडिलांनी विचारलं, "देवक कोनतं तुमचं?"

लग्नात मांडवात ज्या झाडाची फांदी पूजतात ते देवक. ज्या दोन घरांचं देवक एक, ती घरं भाऊबंद. त्यांच्यात मुलगी देत-घेत नाहीत. आमच्याकडे सगळ्याच घरांत हे पाळतात असं नाही. बरेच जण आडनाव बघून मोकळे होतात. आमच्या घरात मात्र पाळतात, आणि नेमकं त्यांच्याही.

"आमचं हळदू," मुलाचे वडील म्हणाले.

भासऱ्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग म्हणाले, "आमचं थे... धुऱ्यावरचं."

"धुऱ्यावरचं कोनतं?"

"देवाचं झाड."

"थे त सर्वायचंच देवाचं असते, भाऊ. जात कोनती त्याची?"

भासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा एसटीत ड्रायव्हर, त्याला जिल्ह्यातले सगळे फाटे तोंडपाठ, पण झाडाचं नाव सांगता येईना. थोरली जाऊ आतून म्हणाली, "कळम म्हनत होते ना बुवा?" भासरे म्हणाले, "कोन म्हनत होते?" ती म्हणाली, "तेच त आठवून राह्यली."

सगळे शेतात गेलो. ऊन मी म्हणत होतं आणि झाडावर एक पान नव्हतं. राखाडी खोड, ठिकठिकाणी पोपडे सुटलेले, वर नुसत्या काड्या. नवरा म्हणाला, "हे त खराटा होऊन राह्यलं." मुलाच्या वडिलांनी झाडाला चक्कर मारली, सालीवर हात फिरवला.

"हळदूसारखं वाटते," ते म्हणाले. तेही खूश होऊन म्हणाले नाहीत. मुलाचं मन कुठे आहे हे त्यांना बहुधा माहीत होतं.

"कळमबी असंच दिसते," भासरे म्हणाले.

"कळम असलं त काईच नाई. आजच नारळ फोडू. पन हळदू असन त पोरं भाऊ-बहीन झाले ना."

मुलाच्या वडिलांनीच एक उपाय सांगितला. हळदूचं लाकूड आतून हळदीसारखं पिवळं असतं. कोयत्यानं जरा खरवडलं की कळतं. भासरे एकदम मागे झाले. लग्नाची फांदी सोडली तर या झाडाला लोखंड लावत नाहीत. मुलाच्या वडिलांनी लगेच कान पकडले, "नाई नाई, आमचाबी तोच नेम हाय." मग ठरलं की पानं येऊ द्यायची, फुलं येऊ द्यायची, आणि पाहून बोलायचं. फार तर पोळ्यापर्यंत थांबू, ते म्हणाले. दारव्ह्याकडचं एक स्थळ मुलाला सांगून आलं होतं आणि त्याच्या आजीला ते पसंत होतं.

भासरे माझ्याशी सरळ बोलत नाहीत. जुनी रीत आहे, त्यांनी सोडली नाही आणि मला तिची अडचण होत नाही. मध्ये कोणीतरी लागतं एवढंच. घरी येताना ते पुतणीला म्हणाले, "तुह्या काकूले इचार, स्थळ आनतानी झाड नाई पाह्यलं काय?"

मी दोन हात मागून चालत होते. म्हटलं, "तुह्या बाबाले सांग, म्या पोरगा पाह्यला. झाड पाहाले कोनी सांगतलं नवतं."

त्यानंतर महिनाभर आमच्या धुऱ्यावर जत्राच भरली. सुतार आला, त्यानं सालीवर टकटक केलं आणि हळदू म्हणाला. गावातला एक म्हातारा आला, त्यानं तीच साल चावून पाहिली आणि कळम म्हणाला. दोघं तिथेच भांडले. पुतणीनं मोबाइलवर झाडं ओळखणारं ॲप घेतलं. त्याला फोटो दाखवला तर आधी साग म्हणालं, दुसऱ्या बाजूनं दाखवला तर कडुनिंब. मी म्हटलं, याला सगळीच उत्तरं येतात.

मग मला सुचलं की या घरात शेवटचं लग्न माझं आणि माझ्या नवऱ्याचं. तेव्हा फांदी कोणीतरी आणलीच असेल. चौकशी केली तर ती नणंदेच्या नवऱ्यानं आणली होती. ते आता चंद्रपूरला असतात. फोन लावला.

"थ्या फांदीची पानं कशी होती?" मी विचारलं.

"पानं?" ते विचारात पडले. "होती."

"आकार कसा?"

"हिरवा."

मी फोन ठेवला.

ज्येष्ठात पालवी आली. लग्नांसाठी पूर्वी फांद्या तोडल्या होत्या तिथल्या खुंटांतून धुमारे फुटले होते, हात पोचेल एवढ्या उंचीवर. त्यांची पानं तळहातापेक्षा मोठी, समोरासमोर लागलेली, देठाकडे बदामासारखी खाच. भासऱ्यांनी एक पान हातानं खुडलं आणि मुलाच्या वडिलांना फोनवर सांगितलं, "पिंपळासारखं हाय, पन शेपूट नाई."

त्यांनी खाच किती खोल ते विचारलं. मग ते म्हणाले, "हळदूचं पान असंच राह्यते, भाऊ."

भासरे घरी येऊन ओसरीवर बसले. पान खाटेवर ठेवलं. जावेला म्हणाले, "फोन लाव अन् नाई म्हनून सांग."

"तुमीच लावा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यांनीही लावला नाही. त्यांना मुलगा आवडला होता. मधल्या काळात तो एकदा येऊन विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करून गेला होता, न सांगता, न बोलावता. भासऱ्यांच्या मनात माणसाची किंमत तिथे ठरते.

रविवारी पुतणी आली. तिनं पान पाहिलं, उलटं करून पाहिलं, खिडकीतल्या उजेडाला धरलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "काकू, हे एकाच फांदीचं हाय?"

"हो, खालच्या."

"आमच्याकडं रिपोर्टमंदी कायी गडबड वाटली त दुसरा नमुना घेते. वरचं पान पाह्यलं का कोनी?"

कोणी पाहिलं नव्हतं. झाड उंच, आकडीला विळा असतो म्हणून ती चालायची नाही. नवऱ्यानं दोरीला दगड बांधून तीनचार वेळा वर फेकला. दगड एकदा बैलाच्या जवळ पडला, तेव्हा भासऱ्यांनी शिवी घातली. अखेर एक डहाळी अडकली आणि ओढल्यावर मोडून खाली आली. वरची पानं लहान होती. लांबट, अंड्याच्या आकाराची, खाच मुळीच नाही.

दोन्ही पानं शेजारी ठेवली. एका झाडाची आहेत असं कोणी म्हटलं नसतं.

"आता?" नवरा म्हणाला.

"खाली हळदू, वर कळम," भासरे म्हणाले. त्यांनी खोडाभोवती फिरून पाहिलं, दोन झाडं एकात वाढली आहेत की काय. खोड एकच होतं. मीही फिरून पाहिलं. खरं सांगायचं तर तोवर मला वाटत होतं की हा भासऱ्यांचा हट्ट आहे आणि झाड ओळखणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ती पानं हातात घेऊन मला काहीच कळेना. पेरणी तोंडावर आली होती, बियाणं आणायचं होतं, आणि मी धुऱ्यावर उभी राहून दोन पानं बघत होते.

माझा आतेभाऊ झरी जामणीकडे जंगलखात्याच्या रोपवाटिकेत आहे. पेरणी उरकली आणि मी त्याच्याकडे गेले. दोन्ही पानं वर्तमानपत्रात दाबून नेली होती. त्यानं ती पाहिली आणि डोकं खाजवलं.

"हे हळदू अन् हे कळम."

"एकाच झाडाची हायेत."

"मंग नाई सांगता येत," तो म्हणाला. "म्या रोपं पिशवीवरच्या पाटीवरून ओयखतो, ताई. खोटं कायले बोलू?"

पण त्यानं चहा पाजला आणि मागच्या जंगलात नेलं. तिथे दोन्ही झाडं होती, खात्याचे नंबर टाकलेली. त्यानं त्याच्या साहेबांना फोन केला, आणि साहेबांनी आणखी कोणाला तरी. उत्तर आलं ते असं: तोडलेल्या जागी फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं मोठी आणि गोल होतात, त्यांच्यावर जाऊ नका. फूल बघा. दोघांचीही फुलं चेंडूसारखी, बारीक बारीक फुलांचा एक गोंडा. हळदूचा गोंडा पानाच्या काखेतून निघतो, लांब देठावर. कळमाचा फांदीच्या टोकाला येतो, आणि त्याच्या खाली दोन छोटी फिकट पानं असतात.

हे मला पटलं. कुठे बघायचं ते कळलं की मला बरं वाटतं. आतेभावानं दोन्हींची एकेक डहाळी मोडून दिली, हळदूच्या डहाळीला मी लाल दोरा बांधला. बसमध्ये शेजारच्या बाईच्या कोंबडीनं पिशवीत तोंड घातलं. घरी येऊन पाहते तर दोरा पिशवीच्या तळाशी पडलेला, दोन्ही डहाळ्या सुकून एकसारख्या लोळत होत्या, गोंडे अर्धे झडलेले. जावेनं विचारलं, "यातलं हळदू कोनतं?" मी म्हटलं, "सकाळी माहीत होतं."

तरी नियम डोक्यात होता. काख की टोक. एवढंच.

आषाढात झाड फुललं. मी तण निंदणाऱ्या बायकांना ओळी दाखवत होते तेव्हा वास आला, गोडसर. वर पाहिलं तर फिकट पिवळे गोंडे. पुन्हा दोरी, पुन्हा दगड. डहाळी खाली आली. गोंडा फांदीच्या टोकाला होता, खाली दोन फिकट पानं, जणू कोणी ताटलीत ठेवला आहे. मी आणखी एक पाडली, आणखी एक. सगळीकडे टोकालाच. काखेत एकही नाही.

"कळम हाय," मी जावेला सांगितलं. ती भासऱ्यांकडे गेली. भासरे चप्पल न घालता शेतात आले, गोंडा हातात घेऊन त्यांनी तीनदा नियम विचारला, तीनदा तो जावेमार्फत मी सांगितला. मग त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन केला. आवाज एवढा मोठा की फोनची गरज नव्हती.

मुलाचे वडील सज्जन. ते म्हणाले, आनंद झाला, पण मागून कोणी बोट दाखवायला नको. आमच्या झाडालाही बहर आला आहे, मी त्याचा गोंडा घेऊन येतो. दोन्ही शेजारी ठेवू, सगळ्यांनी पाहावं आणि विषय संपवावा.

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर आले. हँडलला स्टीलचा डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली डहाळी. धुऱ्यावर, झाडाखालीच, त्यांनी फडकं सोडलं.

गोंडा टोकाला होता. खाली दोन फिकट पानं.

मी आमची डहाळी शेजारी ठेवली. मग उचलली आणि त्यांची कोणती नि आमची कोणती हे पुन्हा एकदा पाहून ठेवली, कारण चुकली असती तर कळलं नसतं.

"हे हळदू?" भासरे म्हणाले.

"हळदूच," मुलाचे वडील म्हणाले. "आज्यापासून हळदूच म्हनतो आमी." पण त्यांचा आवाज खाली गेला होता. त्यांनाही दिसत होतं.

नवरा दोरी गुंडाळत बसला. मला स्वतःचाच राग आला. पानावर गोष्ट अडली होती तेव्हा निदान शंका तरी होती. शंकेवर लग्न लागू शकलं असतं. फूल बघा, फूल बघा म्हणून मीच मागे लागले होते. आता दोन्ही घरांचं झाड एकच, आणि ते मीच सिद्ध केलेलं. यवतमाळला पोरगी फोनची वाट पाहत होती. दुपारपासून तिचे चार मिस्ड कॉल पडले होते.

भासरे खाली बसले. मुलाचे वडीलही बसले. भासऱ्यांनी तंबाखू मळली, अर्धी त्यांना दिली. मग भासरे म्हणाले, "भाऊ, मांडवात पूजतानी नाव कोनाचं घेता तुमी?"

"हळदूचं."

"कळमाचं कधी घेतलं?"

"कायले घेऊ बापा?"

"मंग तुमचं देवक हळदूच. फांदी चुकून राह्यली."

मुलाच्या वडिलांनी मान वर केली. "इतके वर्सं?"

"फांदी आनते कोन तुमच्याकडं?"

"जावई आनते. तुमच्याकडं?"

"जावईच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलाच्या वडिलांचा चेहरा हळूहळू सुटत गेला. "आमचा थोरला जावई," ते म्हणाले, "बाजारातून वांगे आनाले पाठवला त भेंड्या आनते."

"जावयाले कोन इचारते मंग, का बापा हे बरोबर आनलं का?"

"इचारलं त रुसते ना!"

"त्याच्या आधीचेबी तसेच असन."

"सर्वे तसेच," मुलाचे वडील ठामपणे म्हणाले. "त्याहीनं दिसलं थे तोडलं, फडक्यात गुंडायलं, अन् आमी पूजलं."

नवऱ्यानं, जो स्वतः माझ्या माहेरचा जावई आहे, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मिटलं.

मला त्या सगळ्यात एक गोष्ट दिसत होती आणि अजूनही दिसते. त्यांचं देवक नावावरून ठरलं आणि आमचं फुलावरून. आम्ही तर कोणतंच नाव घेत नव्हतो. त्यांच्या जावयांनी चूक केली असेल तर आमच्या जावयांनी केली नाही कशावरून? चंद्रपूरच्या माणसाला तर फांदी हिरवी होती एवढंच आठवत होतं. आणि त्यांच्या घरानं इतक्या पिढ्या ज्या झाडासमोर हात जोडले ते झाड काही नव्हतं का? हे कोणाला तरी विचारावं असं मला वाटलं. मी विचारलं नाही. माझ्या पायाशी दोन सारख्या डहाळ्या पडल्या होत्या, आणि दोन शहाणी माणसं त्या वेगळ्या आहेत यावर मनापासून एक होत होती.

पुढचंही त्यांनीच ठरवलं. खरं हळदू शोधायचं, श्रावणातच, गोंडे आहेत तोवर. झरीकडे माझा आतेभाऊ आहेच. मुलाचे वडील स्वतः जाऊन पाहणार, फूल काखेतून निघतं याची खात्री करणार, आणि लग्नाला तिथली फांदी आणणार. जावई बरोबर असेल, पण झाड ते दाखवतील.

जाताना त्यांनी आपली डहाळी झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि हात जोडले. मग आपण कोणाला हात जोडले हे लक्षात येऊन जरा थांबले, आणि पुन्हा जोडले. भासऱ्यांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

ते गेल्यावर मी पुतणीला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा काय म्हनते?"

"मानले. तिकडचेबी मानले."

"मंग काय निंघालं, काकू?"

"आपलं कळम. त्यायचं हळदू."

तिनं मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "कसा असते वो हळदूचा गोंडा? त्यायनं आनलता ना दाखवाले?"

"आनलता," मी म्हटलं. "आपल्या कळमासारखाच होता."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता, कोणीतरी तिला हाक मारत होतं. ती हुशार आहे, तिला समजायला वेळ लागला नाही. मी ती काय विचारते याची वाट पाहिली.

"साखरपुडा कधी?" ती म्हणाली.

"दिवाळीनंतर. सोयाबीन निघू दे."